शेवटचा एक कुणी खाल्ला?

मित्रांनो, लेखाच्या सुरुवातीलाच एक काम सांगतो. मोबाईल बाजूला ठेवा आणि जर्नलचं एखादं कोरं पान घ्या (कोरी पानं आपल्या जर्नलमध्ये भरपूर असतात, हे सबमिशनच्या आदल्या रात्री कळतंच!). त्यावर नऊ वेळा एक लिहा : १११११११११. आता या संख्येला तिनंच गुणा. शाळेत शिकवलं तसं, एकाखाली एक ओळी मांडून, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवत.

उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या. एकापासून नऊपर्यंत जिना चढायचा आणि परत एकापर्यंत उतरायचा. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच.

या संख्येवर मला लिहायचंय, पण ती गंमत म्हणून नव्हे. या संख्येनं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी चांगलीच जिरवली, आणि ती का जिरली हे आपल्या होस्टेलच्या प्रत्येक रूमपर्यंत पोचावं असं मला वाटतं.

मी किकवीचा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कापूरहोळ मागे पडल्यावर हायवेला लागून जे गाव येतं ते. तुमच्यापैकी बरेच जण महाबळेश्वरच्या ट्रिपला जाताना आमच्या गावावरून झोपेत गेले असतील. घरी थोडी भातशेती, दोन गाई, आणि आजोबांचं किराणा दुकान. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. आबांचं शिक्षण जुनी सातवी. पण पाढे पावकी-निमकी-दीडकीसकट पाठ. दुकानात कॅल्क्युलेटर आहे, तो वडिलांचा. आबा अजून बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं बेरीज करतात.

दिवाळीत घरी गेलो आणि दुसऱ्याच दिवशी आबांबरोबर दूध संकलन केंद्रावर जायची वेळ आली. दुधाचं बिल दहा दिवसांचं मिळतं. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक चिठ्ठी छापून मिळते : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. बहुतेक लोक ती चिठ्ठी केंद्राच्या दारातच टाकून देतात. आबा टाकत नाहीत. वीस चिठ्ठ्या रबर लावून ठेवतात आणि दहा दिवसांनी बेरीज करतात. त्या दिवशी त्यांची बेरीज आणि छापील बिल जुळेना. बिलात २.७ लिटर दूध कमी.

काउंटरवरचा मुलगा चांगला होता. उद्धट वगैरे मुळीच नाही. हसून म्हणाला, "आबा, तुमचीच बेरीज चुकली असंल. कॉम्प्युटर चुकत नाही." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय इंजिनिअर, बरोबर ना?"

आणि मी मान डोलावली.

रांगेत मागं पाचसहा माणसं उभी होती. मला वाटलं, कशाला नव्वद-शंभर रुपयांसाठी हुज्जत. शिवाय खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, की पुठ्ठ्यावरची बेरीजच चुकली असणार. आबा काही बोलले नाहीत. चिठ्ठ्यांना रबर लावलं, खिशात ठेवल्या आणि आम्ही घरी आलो.

रात्री जेवणं झाली. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझ्या त्या मशीनला एक गुणाकार घाल. एक मांड. नऊ बारी मांड. आन् त्यालाच त्यानं गुण."

मी दोन मिनिटांत सी प्रोग्रॅम लिहिला. मोठी संख्या येणार हे कळत होतं, म्हणून इंट न घेता डबल घेतला. (इथं मला स्वतःचं कौतुकही वाटलं!) उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं : १२३४५६७८९८७६५४३२०.

आबा म्हणाले, "शेवटी काय?"

"शून्य."

"आरं, एकाला एकानं गुणल्यावर शेवटी शून्य यील कुठनं?"

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. चौथीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट होती. ज्या संख्येच्या शेवटी एक आहे तिच्या वर्गाच्या शेवटी एकच येणार. दोन सेमिस्टर प्रोग्रॅमिंग शिकलेला मी, स्क्रीनवरचं शून्य वाचून दाखवतो आणि मला काही खटकतही नाही. आबांनी पुठ्ठा पुढं ओढला आणि ताळा करून दाखवला. नऊ वेळा एक, म्हणजे अंकांची बेरीज नऊ, नऊ टाकले की शून्य. शून्य गुणिले शून्य म्हणजे शून्य, म्हणून उत्तराचा ताळाही शून्यच यायला हवा. माझ्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८०, तिचे आठ. जुळत नाही. शेवटी एक घातला तर बेरीज ८१, आठ आणि एक नऊ, नऊ टाकले, शून्य. जुळलं.

"आता बोल," आबा म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत न्हाय?"

होस्टेलवर परत आल्यावर मी या शेवटच्या एकाचा तपास लावला. कॉम्प्युटर खरं तर चुकला नव्हता. मी त्याला दिलेल्या भांड्यात ते उत्तर मावतच नव्हतं. डबल या प्रकारात संख्येचे अर्थपूर्ण अंक ठेवायला ५३ बिट असतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक डबलमध्ये तंतोतंत बसतो. त्याच्या पुढे, २ च्या ५४ व्या घातापर्यंत, फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या या दोन टोकांच्या मध्ये पडते आणि ती विषम आहे. म्हणजे तिला जागाच नाही! शेजारच्या दोन सम संख्यांपैकी एक मशीन उचलतं आणि काही न बोलता छापतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये टाकाल तर अजून वाईट. ते पंधराच अंक धरतं आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं ठेवतं. आपला सायंटिफिक कॅल्क्युलेटर त्या मानानं प्रामाणिक. तो दहाचा सोळावा घात लिहून, बाकीचं मला झेपत नाही असं निदान कबूल तरी करतो.

माझा रूम पार्टनर म्हणाला, "मग लाँग लाँग घ्यायचा, नाहीतर पायथनमध्ये लिहायचं. तिथं बरोबर येतं." मान्य. दोन्हीकडे बरोबर येतं, मी करून बघितलं. पण बरोबर आलंय हे मला कशावरून कळलं? शेवटी एक हवा हे आबांनी सांगितलं होतं म्हणून! भांडं बदलायला हवं हे कळायलाच मुळात उत्तराकडे डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. माझा मुद्दा भाषेचा नाहीच. मुद्दा सवयीचा आहे.

आता या संख्येविषयी थोडं. आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी अशा संख्यांना नाव दिलंय. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवलं. पुढची पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. नऊ वेळा एकच्या वर्गासारख्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो हे जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनचं जुनं नाव, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथं त्यांना ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. डोंबिवलीकर मित्रांनो, लोकलच्या गर्दीत हे आठवून बघा!

हा जिना का तयार होतो हे पानावर मांडलं की लगेच दिसतं. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नुसते एक, प्रत्येक ओळ एक घर सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा कमी कमी. कुठंही हातचा येत नाही म्हणून जिना शाबूत राहतो. दहा वेळा एक घेतलात की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा एक येतो आणि जिना मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठची पायरी गायब!

आपल्या सतरा अंकी संख्येत अजून बरंच दडलंय. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं तिला पूर्ण भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. (इथंही आठ गायब, बघितलंत?) स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. रामानुजनची १७२९ सुद्धा हर्षदच : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आपल्या संख्येचे मूळ अवयव तीनच आहेत : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. त्यावरून तिचे एकूण विभाजक पंचेचाळीस निघतात. आता तिचे दोन तुकडे करा, उजवीकडचे नऊ अंक वेगळे : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज करा. नऊ वेळा नऊ!

आणि वाचायची कशी? भास्कराचार्यांच्या लीलावतीत एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. आपली संख्या त्यातली सतरा वापरते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि मधला नऊ दशकोटीच्या घरात. एवढ्या मोठ्या संख्येच्या प्रत्येक घराला आपल्याकडे नाव होतं, आणि तिचा शेवटचा एक माझ्या लॅपटॉपला सांभाळता आला नाही!

कापरेकरांची सगळ्यात प्रसिद्ध संख्या मात्र चारच अंकी : ६१७४, शोध १९४९ चा. सगळे सारखे नसतील असे कोणतेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलंत की ६१७४ येणारच. मी त्यांचं जन्मसाल घेऊन बघितलं. १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोब्बर सात! आणि प्रत्येक उत्तराचा ताळा शून्य, कारण तेच अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली की बाकी नऊच्या पटीतच येते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आबांना ते कापरेकरांचं नाव न ऐकताही माहीत होतं. त्याच रात्री त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा बाहेर काढल्या. "फरक सत्तावीसचा," ते म्हणाले. "सत्तावीसला नवानं भाग जातो. म्हंजी कुठंतरी आकडे उलटे पडल्यात." ज्या चिठ्ठीवर दोन अंकांत तीनचा फरक आहे ती शोधायला त्यांनी मला बसवलं. मिळाली. सकाळची ६.३ लिटरची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन बघितलं तर खात्यात ३.६ पडले होते. कुणीतरी घाईत हातानं नोंद करताना अंक फिरवले होते. काउंटरवरच्या मुलानं लगेच दुरुस्त करून दिलं, वर "सॉरी आबा" म्हणाला. त्यात लबाडी काही नव्हती, नुसती चूक होती.

इथं ताळ्याची मर्यादाही सांगायला हवी. अंकांची अदलाबदल ताळ्यात सापडत नाही, कारण बेरीज तीच राहते. शून्याच्या जागी नऊ पडला तरी सापडत नाही. म्हणून आबा आधी सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज करतात, आणि फरक निघाला की त्या फरकाला विचारतात, तू कुठून आलास? ताळा म्हणजे मंत्र नव्हे. आपल्याच उत्तरावर संशय घ्यायची ती एक पद्धत आहे.

मला रात्रभर टोचत राहिली ती रांग. मागं उभ्या असलेल्या पाचसहा जणांनी ऐकलं होतं की कॉम्प्युटर चुकत नाही, आणि शहरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरानं त्यावर मान डोलावली होती. त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी वीस चिठ्ठ्या रबर लावून ठेवलेल्या असतील? उद्या त्यांच्या बिलात अंक फिरले तर ते म्हणतील, शिकलेला पोरगा पण हेच म्हणाला. माझी ती मान नव्वद-शंभर रुपयांपेक्षा महाग होती.

कुणी म्हणेल, दुधाच्या चिठ्ठीवरून एवढं काय! मग दोन मोठ्या गोष्टी सांगतो. २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथं पॅट्रियट यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. एक दशांश ही संख्या बायनरीत पूर्ण मावत नाही, ती २४ बिटांत कापून बसवली होती. शंभर तास यंत्रणा चालू राहिल्यावर घड्याळात साचलेली चूक सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश झाली होती. दुसरी, ४ जून १९९६. एरियन ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. ६४ बिटांतली संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती, ती मावली नाही. दोन्हीकडे हुशार इंजिनिअर होते. दोन्हीकडे भांडं लहान पडलं, आणि ते लहान आहे हे वेळेवर कुणी बघितलं नाही.

आता आपल्याकडे वळू. (सर आणि मॅडम, रागावू नका!) आपल्या लॅबमध्ये काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची, उत्तर जुळत नसेल तर रीडिंग मागून पुढं जुळवायची, आणि ओरलला विचारलं "हे उत्तर कशावरून?" तर "सर, कॅल्क्युलेटरवर आलं". मीही हेच करत आलोय. मार्कही मिळतात. पण चार वर्षं आपण एकच गोष्ट घोटून पाठ करतोय, की छापून आलेला आकडा खरा. आणि उद्या आपणच आकडे छापणार आहोत, कुणाच्या विजेच्या बिलात, कुणाच्या स्लॅबच्या डिझाईनमध्ये, कुणाच्या दुधाच्या चिठ्ठीत.

कापरेकरांच्या कामाला त्यांच्या काळात बऱ्याच जाणकारांनी नुसता आकड्यांचा खेळ मानलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. १९८६ साली ते गेले. मला विचाराल तर त्या खेळाचा उपयोग हाच. संख्येशी खेळलेल्या माणसाला तिचा चेहरा ओळखीचा होतो, आणि ओळखीचा चेहरा जरा बिघडला तरी लगेच कळतो. आपण संख्येला भेटतच नाही, नुसती कॉपी-पेस्ट करतो. मग तिचा शेवटचा एक कुणी खाल्ला तर आपल्याला कळणार कसं?

म्हणून दोन सूचना. पहिली, प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी 'रिझल्ट'च्या खाली एक ओळ वाढवावी, 'ताळा'. उत्तर बरोबर आहे हे मी दुसऱ्या कोणत्या मार्गानं तपासलं, ते एका ओळीत हातानं लिहायचं. युनिट जुळतात का, अंदाजे उत्तर किती यायला हवं होतं, शेवटचा अंक पटतो का, काहीही. त्या ओळीला दोन मार्क ठेवा, नाही ठेवले तरी चालेल. दुसरी, २०१२ पासून २२ डिसेंबर हा रामानुजनचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. त्याच्या जोडीला १७ जानेवारी, कापरेकरांचा जन्मदिवस, आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये साजरा करू. भाषण नको, हार नको. जेवणानंतर अर्धा तास, मोबाईल बंद, प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल आणि एक गुणाकार. स्टाफनंही यावं. कुणाचा हातचा चुकतो ते तरी बघू!

सुट्टी संपवून निघालो त्या दिवशी आबा हायवेपर्यंत सोडायला आले होते. एसटी येईपर्यंत मी त्यांना ५३ बिटांची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "म्हंजी मशीनला जागा कमी पडली. पर तुला वाचताना का दिसलं न्हाय?"

त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. एसटी आली, मी चढलो. या वेळच्या जर्नलमध्ये मात्र मी प्रत्येक रिझल्टखाली ताळा लिहायला लागलोय. तीन प्रॅक्टिकल झालेत, त्यातल्या एकात माझंच उत्तर चुकलेलं सापडलं.